पाहिलं त्याची नोंद

२०२४ च्या पावसाळ्यात बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर या पट्ट्यात रात्रीच्या ड्रोननी लोकांची झोप उडवली. चोर आधी वरून घरं हेरतात आणि मग डल्ला मारतात, अशी बोलवा होती. नीरा ओलांडून ती फलटणकडे आली, माणदेशात शिरली, आटपाडी-जतच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. पोरं काठ्या घेऊन गस्तीला बसू लागली. “त्यो बघ, लुकलुकतोय,” एवढं कुणी म्हणायचा अवकाश, अख्खी वाडी अंगणात उभी राहायची. पोलिसांची गाडी येईपर्यंत आकाश मोकळं झालेलं असायचं. त्या दिवसांतल्या बातम्या आज काढून वाचल्या, तर त्यांत भीतीचं वर्णन भरपूर मिळतं. पण दिसलं ते किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, किती वेळ, आवाजासकट की आवाजाविना, हे सगळं एका जागी क्वचित सापडतं. त्यामुळे त्यातलं कोणतं खरोखर ड्रोन होतं, कोणतं लोहगावकडे निघालेलं विमान आणि कोणता चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीचा लाल दिवा, हे आता ठरवायला काही साधन उरलेलं नाही.

आकाशाकडे पाहण्याचं शिक्षण न मिळालेल्या माणसांची ही गोष्ट. ज्यांना ते शिक्षण मिळतं, ज्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो, त्या सैनिकांना आणि लढाऊ वैमानिकांना ओळखता न येणारं काही दिसतं, तेव्हा पुढे काय होतं? सातारा-सांगलीत हा प्रश्न परका वाटू नये. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली, आणि तिथून शिकून गेलेले प्रदीप वसंत नाईक २००९ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले. इथल्या घराघरातून लडाखपासून अरुणाचलपर्यंत माणसं पहाऱ्याला उभी राहिली आहेत. सुट्टीवर आलेला जवान पारावर बसून जे सांगतो, त्यात कधीतरी ‘वरती काहीतरी दिसलं होतं’ हेही येतं. ते पारावरच राहतं.

एक प्रकरण मात्र पारावर राहिलं नाही. २०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात लष्कराच्या आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या ठाण्यांवरून पिवळसर प्रकाशगोल दिसल्याचे अहवाल येऊ लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून ते वर येत, तीन ते पाच तास आकाशात सावकाश सरकत आणि मग नाहीसे होत. पहिल्या अडीच महिन्यांतच शंभरावर नोंदी झाल्या. सरोवराकाठी रडार आणून बसवलं. त्याला काही सापडलं नाही. वस्तूतून निघणारे सिग्नल टिपणारं उपकरण लावलं. त्यालाही काही मिळालं नाही. एक टेहळणी ड्रोनही त्या दिशेनं सोडला. तो आपल्या कमाल उंचीला पोचला, पण प्रकाश त्याच्या नजरेतून निसटला. फेब्रुवारी २०१३ पर्यंत नोंदींची संख्या ३२९ वर गेली, आणि त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आत आल्याचं लिहिलं गेलं. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, हा संशय साहजिक होता. १९६२ चं दुखणं ज्या सीमेवर अजून ताजं आहे, तिथे अनोळखी दिव्याकडे दुर्लक्ष करणारा पहारेकरी बेजबाबदारच ठरला असता.

लष्करानं मग बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच, हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. सुरुवातीला बातम्यांत उलटंच आलं होतं: शास्त्रज्ञांनी तीन दिवस पाहणी केली आणि हे ग्रहगोल नव्हेत असं सांगितलं, असं. पुढे संस्थेनं जवानांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. दिवा दिसला की नेमकी वेळ लिहा, उत्तरेपासून तो किती अंशांवर आहे ते लिहा, क्षितिजापासून किती अंश वर आहे ते लिहा. हे आकडे हातात आल्यावर उत्तर फार लांब नव्हतं. २०१३ च्या जुलैमध्ये संस्थेचे प्राध्यापक तुषार प्रभू यांच्या हवाल्यानं ते जाहीर झालं: एक शुक्र, दुसरा गुरू.

त्या महिन्यांचं आकाश आज कुणीही पंचांगावरून ताडून पाहू शकतो. १५ ऑगस्ट २०१२ च्या सुमारास शुक्र पहाटेच्या पूर्व आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त दूर होता, म्हणजे सूर्योदयाच्या तीनेक तास आधी तो उगवत होता. गुरू ३ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर आला. त्या सुमारास तो संध्याकाळीच पूर्वेला वर येत होता. पँगाँगच्या ठाण्यांवरून पूर्वेला चीन. ग्रह चीनच्या बाजूनं ‘उडाले’ आणि भारताच्या बाजूला ‘शिरले’, यात मग नवल उरत नाही. सूर्यही रोज तेच करतो.

मला या प्रकरणात जवानांची थट्टा करणारे लोक आवडत नाहीत. शुक्राची चांदणी आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी धरणारा माणूस तिच्यावरून पहाट ओळखतो. पण चौदा हजार फुटांवर हवा विरळ आणि कोरडी असते, धूळ नसते, त्यामुळे क्षितिजाला टेकलेला ग्रहसुद्धा फारसा मंदावत नाही. सखल भागात आपण त्याला इतका खाली इतका तेजस्वी कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटतो, हा प्रत्येक माणसाच्या डोळ्याचा धर्म आहे. जवानांनी पाहिलं ते खरंच होतं, आणि त्यांनी चिकाटीनं ३२९ वेळा लिहून ठेवलं म्हणूनच ते सोडवता आलं. पहिल्याच आठवड्यात वेळ आणि कोन लिहायला कुणी शिकवलं असतं, तर सहा-सात महिन्यांचा ताण वाचला असता.

दुसरं प्रकरण शास्त्रज्ञांचं आहे आणि ते सुटलेलं नाही. २००४ च्या सप्टेंबरमध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे हिमनदी-अभ्यासक डॉ. अनिल कुलकर्णी हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत समुद्र टापू हिमनदीच्या खोऱ्यात आपल्या तुकडीसह होते. सकाळी छावणीपासून पन्नासेक मीटरवर सुमारे चार फूट उंचीची, पांढरी, यंत्रमानवासारखी दिसणारी एक आकृती उताराला धरून सरकताना दिसली. चाळीस मिनिटं ती दिसत होती. मग ती हवेत उचलली गेली आणि निघून गेली. पाहणारे १४ जण होते, त्यांत सहा शास्त्रज्ञ. छायाचित्रं घेतली गेली. कुलकर्णींनी त्यानंतर जे केलं ते मला त्या आकृतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तुकडीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून त्यानं काय पाहिलं ते विचारलं, म्हणजे एकाच्या सांगण्याचा रंग दुसऱ्याच्या आठवणीवर चढणार नाही. अहवाल लिहिला. तो पंतप्रधान कार्यालय, इस्रो, लष्कर आणि गुप्तवार्ता यंत्रणांकडे गेला, आणि तिथेच थांबला. वाऱ्यावर आलेला फुग्यांचा झुबका असावा, असं काहींचं म्हणणं. तसं असेलही. पण ते पटवायला किंवा खोडायला लागणारा कागद लोकांसमोर नाही.

फुगा हा शब्द आला की आपण विषय संपला असं समजतो. वैमानिकासाठी तो तिथे सुरू होतो. २६ जानेवारी २०१६ ला, दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचं संचलन चालू असताना, राजस्थानच्या सीमेवर हवाई दलाच्या रडारवर एक अनोळखी वस्तू उमटली. लढाऊ विमान झेपावलं आणि जैसलमेरच्या आकाशात त्यानं ती पाडली. ती चकाकता फुगा निघाली. संरक्षणमंत्री तेव्हा गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. फुगा पाकिस्तानच्या बाजूनं आला होता आणि आपण किती चपळाईनं उत्तर देतो हे पाहण्याचा तो प्रकार असू शकतो, असं त्यांनी सांगितलं. एका फुग्यासाठी लढाऊ विमान कशाला, असा सवाल तेव्हा काहींनी केला. वर गेल्याखेरीज तो फुगा आहे हे कळणार कसं, हा त्याचा सरळ जबाब.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळमध्ये हे ‘कळणं’सुद्धा झालं नाही. रविवारची दुपार होती. विमानतळाच्या मनोऱ्यावरून आणि जमिनीवरच्या माणसांना नुसत्या डोळ्यांनी एक वस्तू धावपट्टीच्या परिसरात आकाशात दिसली. मणिपूर त्या मे महिन्यापासून धुमसत होतं. कुणी धोका पत्करणार नव्हतं. उड्डाणं रोखली, येणारी विमानं वळवली, विमानतळ सुमारे तीन तास बंद राहिला. पश्चिम बंगालमधल्या हासीमारा तळावरून राफेल उडालं, त्यानं परिसर धुंडाळला, काही दिसलं नाही. मग दुसरं राफेल गेलं. तेही रिकाम्या हातानं परतलं. हवाई दलाच्या पूर्व कमांडनं एवढंच कळवलं की इंफाळहून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षणाची यंत्रणा कामाला लावली होती आणि त्यानंतर ती लहान वस्तू पुन्हा दिसली नाही.

राफेलला का सापडली नसावी, याचं एक कारण विमानाच्या घडणीतच आहे. लढाऊ विमानाचं रडार वेगानं हलणारं लक्ष्य शोधण्यासाठी बनवलेलं असतं. डोंगर, झाडं, पक्ष्यांचे थवे, ढग यांच्यावरून परतणारा सिग्नल गाळून टाकला नाही तर पडदा भरून जाईल. म्हणून ठरावीक वेगाखालचं सगळं ते बाजूला सारतं. वाऱ्याबरोबर तरंगणारी वस्तू याच चाळणीतून खाली पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा मोठा फुगा अमेरिकेवरून गेला आणि ४ तारखेला तो दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापाशी पाडला गेला, तेव्हा अमेरिकन हवाई संरक्षणानं रडारची ही वेगाची चाळणी बारीक केली. पुढच्या काही दिवसांतच अलास्का, युकॉन आणि लेक ह्युरॉनवर आणखी तीन वस्तू सापडल्या आणि पाडल्या गेल्या. आकाशात त्या आठवड्यात गर्दी वाढली नव्हती, पाहण्याची रीत बदलली होती. आपल्या हवाई दलानंही धडा घेतला: २०२४ मध्ये पूर्वेकडे राफेलनं ५५ हजार फुटांच्या वर मुद्दाम सोडलेला फुगा पाडून सराव केला.

डोळ्यांचं बोलायचं तर वैमानिकाचे डोळे उत्तम असतात, पण निळ्या पोकळीत अंतर मोजायला डोळ्यांना काहीच आधार नसतो. अंतर कळलं नाही तर आकार कळत नाही, आकार कळला नाही तर वेग कळत नाही. जवळचा छोटा फुगा आणि लांबचं मोठं यान सारखंच दिसतं. ७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेतल्या केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल हा २५ वर्षांचा वैमानिक मस्टँग विमानातून अशाच एका चकाकत्या, अजस्र वस्तूमागे वर वर चढत गेला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. वीस हजार फुटांच्या पुढे त्याची शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. तो बहुधा अमेरिकन नौदलाचा स्कायहूक फुगा होता, शंभरेक फूट व्यासाचा. प्रकल्प गुप्त असल्यामुळे मँटेललाच काय, त्याच्या नियंत्रण कक्षालाही त्याची कल्पना नव्हती. नोंद एका कपाटात आणि वैमानिक दुसऱ्या आकाशात, असं झालं की काय होतं, त्याचं हे सर्वांत दुःखद उदाहरण.

अशा फुग्यांचं घर आपल्याला फार लांब नाही. होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी बंगळुरूला फुगे उडवले, त्या परंपरेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र हैदराबादला उभं राहिलं. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच केंद्रातून २००१ आणि २००५ मध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करून आणली. तिच्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. केंद्र मोहिमेआधी जाहीर सूचना काढतं. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले, ५० ते ८५ मीटर व्यासाचे फुगे रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान सुटतील; ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातील; विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर दोनशे ते साडेतीनशे किलोमीटर वाहत जातील; उपकरणं रंगीत पॅराशूटनं खाली येतील. सापडली तर हात लावू नका, पोलिसांना किंवा पोस्टमनला कळवा. उपकरणं पडू शकतील अशा जिल्ह्यांत सोलापूर, धाराशिव, लातूर, विजापूर यांची नावं असतात.

आता जतच्या माळावर उभं राहून हिशेब मांडा. सोलापूरच्या माथ्यावर ३५ किलोमीटर उंच असलेला फुगा जतहून ईशान्येला क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर दिसेल. एवढ्या उंचीवर ऊन जमिनीच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी पोचतं. म्हणजे खाली अजून झुंजूमुंजू, आणि वर सूर्यप्रकाशात न्हालेला, आवाज नसलेला, जवळजवळ न हलणारा, पाऊणशे मीटर व्यासाचा गोल. हे पाहून कुणी घाबरला तर त्यात त्याचा काय दोष? सोलापूर जिल्ह्यातल्या पोलीस पाटलाला ही सूचना पोचत असेल. पण जत, आटपाडी, माणमधल्या माणसाला ती कुणी सांगत नाही, कारण तिथे काही पडणार नसतं. पण दिसू शकतं, हे सूचना काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चिनी रॉकेटचे पेटते तुकडे विदर्भावरून गेले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं म्हणून निदान पुरावा राहिला. न पडणाऱ्या गोष्टींचं तसं होत नाही.

हे सगळं वजा केल्यावर काही उरतं का? उरतं. १४ नोव्हेंबर २००४ ला सॅन दिएगोच्या किनाऱ्यापासून दूर, निमिट्झ या विमानवाहू नौकेवरून उडालेले कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानातल्या अ‍ॅलेक्स डिट्रिक यांनी समुद्राच्या खळबळत्या पाण्यावर एक पांढरी, गोळीच्या आकाराची, सुमारे चाळीस फूट लांब वस्तू पाहिली. पंख नाहीत, धूर नाही. फ्रेव्हर तिच्याकडे वळले तेव्हा तीही वर आली आणि क्षणात निघून गेली. सोबतच्या प्रिन्सटन युद्धनौकेच्या रडारवर काही दिवस अनोळखी ठिपके उमटतच होते. त्याच दिवशी दुसऱ्या वैमानिकानं अवरक्त कॅमेऱ्यानं चित्रण केलं. डोळे, रडार, कॅमेरा असे वेगवेगळे साक्षीदार इथे आहेत, आणि म्हणूनच वीस वर्षांनंतरही हे प्रकरण सहजासहजी मिटवता येत नाही. याउलट २०१५ मध्ये चित्रित झालेली आणि पाण्यावरून सुसाट जाताना दिसणारी वस्तू, कॅमेऱ्याच्या पट्टीवरचे कोन आणि अंतर मांडल्यावर, तेरा हजार फुटांवर वाऱ्याच्या बेतानंच चाललेली निघाली. वेग होता तो विमानाचा.

अमेरिकेचा सरकारी हिशेब असा आहे. जून २०२१ च्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि एकीचाच खात्रीनं उलगडा झाला होता: हवा गेलेला मोठा फुगा. २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. त्याच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नव्या नोंदी आल्या. फुगे, पक्षी, ड्रोन, स्टारलिंकचे उपग्रह असं बरंच काही ओळखलं गेलं आणि २१ प्रकरणं पुढच्या तपासासाठी खास म्हणून बाजूला काढली गेली. परग्रहवासीयांचा पुरावा मिळालेला नाही, हे त्या कार्यालयानं स्पष्ट सांगितलं आहे. या आकड्यांतली मला मोलाची वाटते ती नोंदींची वाढ. आधी वैमानिक बोलत नव्हते. विचित्र काही दिसलं म्हणावं तर वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं जाईल, उड्डाण थांबेल, मेसमध्ये नाव पडेल, ही भीती. अमेरिकन नौदलानं २०१९ मध्ये नोंदीची पद्धत घालून दिली आणि तोंडं उघडली. २०२३ मध्ये नासाच्या समितीनंही पहिलं बोट ठेवलं ते अपुऱ्या, विस्कळीत माहितीवर आणि बोलणाऱ्याला वाटणाऱ्या लाजेवर. फ्रान्सनं तर हे काम १९७७ पासूनच तुलूजमधल्या आपल्या अंतराळ संस्थेकडे सोपवलं आहे. २००७ पासून त्या फायली कुणीही उघडून वाचू शकतो.

भारतात असं खुलं कार्यालय नाही. हवाई दलाची आतली नोंद असते, आणि ती सगळी चव्हाट्यावर मांडावी असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रडारची ताकद शत्रूला सांगायची नसते. पण वेळ, दिशा, उंचीचा कोन आणि आकाशाची स्थिती यांत कसलं गुपित? खगोलभौतिकी संस्था, हवामान खातं, हैदराबादचं फुग्यांचं केंद्र आणि हवाई दल यांच्यात एक सामाईक वही असती, तर पँगाँगचा शुक्र आठवडाभरात सापडला असता आणि इंफाळच्या वैमानिकांना उडण्याआधी त्या दिवशी त्या भागात काय काय सोडलं गेलं आहे हे ठाऊक असतं. साताऱ्याच्या सैनिक शाळेतल्या आणि कराड-सांगलीच्या कॉलेजांतल्या मुलांना हे तासाभरात शिकवता येतं. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून किती मुठी, ते मोजा. मोबाइलमध्ये होकायंत्र आहे, घड्याळ आहे. घराची कौलं किंवा विजेचा खांब चौकटीत धरून फोटो घ्या, म्हणजे दिशा आणि कोन मोजायला आधार मिळतो. दोघांनी पाहिलं असेल तर एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळं लिहा.

ही शेवटची रीत समुद्र टापूच्या छावणीत कुलकर्णींनी वीस वर्षांपूर्वी पाळली होती. त्यांचा अहवाल आता लोकांसमोर आला पाहिजे. आणि त्यासोबत, जेवढं सांगता येण्याजोगं आहे तेवढं, इंफाळवर गेलेल्या त्या दोन राफेलच्या उपकरणांनी काय टिपलं तेही.